कुत्र्याच्या तोंडाचा वास गोळ्यांनी जातो आणि पुन्हा येतो : हिरड्यांच्या आजाराची क्रमवार तपासणी

लक्षणे

तोंडाला येणारा कुजकट वास हे सर्वांत ठळक लक्षण असले, तरी ते एकटे क्वचितच असते. वरच्या दाढांवर पिवळसर-तपकिरी थर दिसतो, दात जिथे हिरडीत शिरतो त्या कडेवर लाल रेघ उमटते आणि चघळायच्या खेळण्यावर किंवा पाण्याच्या भांड्यात रक्ताचा अंश आढळतो. कुत्रा एकाच बाजूने चावू लागतो, कडक बिस्किट तोंडात घेऊन खाली टाकतो, पोळीचा तुकडा न चावता गिळतो, पंजाने तोंड घासतो. डोक्यावरून हात फिरवू देतो, पण गालाला हात लागताच मान काढून घेतो. आजार पुढे गेला असेल तर डोळ्याखाली सूज येते, एकाच नाकपुडीतून पाणी किंवा पू येतो, वारंवार शिंका येतात, आणि एखाद्या सकाळी पडलेला दात अंथरुणावर सापडतो.

नाशिकमधल्या माझ्या दवाखान्यात ही लक्षणे घेऊन येणारे बहुतेक पालक दोन गोष्टी हमखास सांगतात. पहिली म्हणजे, मागच्या वेळी गोळ्यांनी वास गेला होता, पण पुन्हा आला. दुसरी म्हणजे, जेवण व्यवस्थित चालू आहे, त्यामुळे दुखत नसावे. यातली दुसरी समजूत आधी दूर केली पाहिजे. कुत्रा दातदुखीमुळे जेवण सोडतो तो अगदी शेवटी. जबड्याचे हाड झिजलेले, दात हलणारे आणि हिरडीतून पू येणारे कुत्रेही दूध-पोळी किंवा दहीभात चाटूनपुसून खातात. म्हणून भूक हा या आजाराचा मापदंड धरू नये.

पहिल्या तक्रारीत मात्र आजाराची खरी ओळख दडलेली आहे. दात स्वच्छ केल्यानंतर चोवीस तासांच्या आत त्यावर जिवाणूंचा चिकट, डोळ्यांना न दिसणारा थर बसू लागतो, आणि लाळेतल्या क्षारांमुळे दोन-तीन दिवसांत त्याचे कीटण बनायला सुरुवात होते. हे कीटण दिसायला वाईट असले तरी मुख्य नुकसान करतो तो हिरडीच्या कडेखाली सरकलेला जिवाणूंचा थर. तिथे सूज येते, हिरडी दातापासून सुटते, दात आणि हिरडी यांच्यामध्ये खोबण तयार होते आणि दाताला धरून ठेवणारे हाड हळूहळू विरघळत जाते. प्रतिजैविकाच्या गोळीने जिवाणूंची संख्या काही दिवस कमी होते म्हणून वास जातो. खोबण मात्र तशीच राहते, आणि काही आठवड्यांत ती पुन्हा भरते. खोबणीपर्यंत पोहोचत नाही असा कोणताही उपाय तात्पुरताच ठरतो, मग तो गोळी असो, फवारा असो की नुसते दात पांढरे करणे असो.

तोंडाला हात लावण्यापूर्वी

कुत्र्याचे लसीकरण झालेले नसेल, तो रस्त्यावरचा असेल किंवा त्याला अलीकडे दुसऱ्या कुत्र्याने चावले असेल, आणि त्याची लाळ गळत असेल, खालचा जबडा लोंबत असेल, गिळता येत नसेल, आवाज बदलला असेल किंवा वागणे अचानक बदलले असेल, तर तोंड उघडून पाहू नये. रेबीजमध्ये कुत्र्याच्या घशात हाड अडकल्यासारखेच दिसते, आणि ते हाड काढायला म्हणून माणसे तोंडात हात घालतात. लाळ जखमेला, ओरखड्याला किंवा डोळ्याला-तोंडाला लागली असेल तर तो भाग साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावा. डोळे आणि तोंड नुसत्या पाण्याने भरपूर धुवावेत आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन रेबीजची लस सुरू करावी. पंचवटीत किंवा गोदाघाटावर भटक्या कुत्र्यांना नियमित खाऊ घालणाऱ्यांनी हा परिच्छेद विशेष लक्षात ठेवावा. पुढची सर्व तपासणी घरच्या, ओळखीच्या, लसीकरण झालेल्या कुत्र्यासाठी आहे. आणि तोही गुरगुरला किंवा दात दाखवले तर तिथेच थांबावे, कारण दुखणाऱ्या तोंडाला हात लावल्यावर सर्वांत शांत कुत्राही चावतो.

तपासणी १ : वास नेमका कुठून आणि कसा येतो

याला काहीच खर्च येत नाही. कुजकट, सडलेल्या मांसासारखा वास बहुधा हिरड्यांचा असतो. लघवीसारखा किंवा अमोनियासारखा वास, त्याच्या जोडीला जास्त तहान, उलट्या आणि वजनात घट असेल, तर मूत्रपिंडाचा विकार असू शकतो. गोडसर, फळ आंबल्यासारखा वास आणि भरपूर लघवी हे अनियंत्रित मधुमेहात आढळते. या दोन्हींत दात साफ करून काही साधणार नाही, उलट तपासणी न करता भूल दिली तर धोका आहे. म्हणूनच ही पायरी पहिली ठेवली आहे.

कॉकर स्पॅनिएलसारख्या लोंबत्या ओठांच्या जातींत खालच्या ओठाच्या घडीत लाळ साचून कातडी सडते आणि तो वास तोंडाचा समजला जातो. घडी बोटांनी हलकेच उघडून, कोरड्या कापसाने टिपून तो कापूस हुंगावा. वास तिथेच सापडला तर उपचार कातडीचा करायचा आहे, दातांचा नव्हे.

तपासणी २ : ओठ उचलून पाहणे

घरी करता येण्याजोग्या तपासण्यांत सर्वांत जास्त माहिती हीच देते, आणि ती बहुतेक लोक चुकीच्या जागी करतात. समोरचे पटाशीचे दात आणि सुळे पाहून 'दात तर स्वच्छ आहेत' असे म्हटले जाते. पाहायचे असते ते मागे. कुत्र्याला उजेडाकडे तोंड करून बसवावे, एका हाताने हनुवटीला आधार द्यावा, तोंड बंदच ठेवावे आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने वरचा ओठ कोपऱ्याकडून वर आणि मागे सरकवावा. डोळ्याच्या साधारण सरळ खाली एक मोठा, डोंगरासारख्या टोकाचा दात दिसतो. ही वरच्या जबड्यातली चौथी उपदाढ. लाळग्रंथींची तोंडे याच भागात गालाच्या आतल्या बाजूला उघडतात, त्यामुळे कीटण सर्वांत आधी आणि सर्वांत जाड इथेच बसते.

या दातावर पाहताना रंगापेक्षा कडेकडे लक्ष द्यावे. निरोगी हिरडी दाताला सुरीच्या पात्यासारख्या पातळ कडेने चिकटलेली असते. तिथे लाल रेघ, गोलसर फुगवटा, बोट लागताच येणारे रक्त किंवा कडेतून झिरपणारा पू यांपैकी काही दिसले, तर आजार सुरू झालेला आहे. हिरडी मागे सरकून दाताच्या मुळाचा पिवळसर भाग किंवा दोन मुळांमधली फट दिसू लागली असेल, तर हाड गेलेले आहे आणि घरगुती उपायांची वेळ टळून गेली आहे. दोन्ही बाजू पाहाव्यात, कारण एका बाजूला दात दुखत असेल तर कुत्रा त्या बाजूने चावत नाही आणि तिथे कीटण अधिक साचते. दोन्ही बाजूंतला फरक हाच अनेकदा पहिला पुरावा असतो.

दाताचा पृष्ठभाग खडबडीत, खड्डे पडलेला आणि तपकिरी असेल, पण शेजारची हिरडी गुलाबी आणि घट्ट असेल, तर ते कीटण नसून लहानपणी झालेल्या डिस्टेंपरसारख्या आजारात दातावरचे आवरण नीट न बनल्याची खूण असू शकते. असे दात घासून पांढरे होत नाहीत आणि खरवडल्यास आणखी बिघडतात.

तपासणी ३ : हिरड्यांचा रंग आणि अंगावरच्या गोचिड्या

ही पायरी इतर देशांतल्या लेखांत क्वचित सापडते, पण आपल्याकडे ती वगळता येत नाही. हिरडीतून रक्त येणे म्हणजे हिरड्यांचाच आजार असे नेहमी नसते. गोचिडीमार्फत होणाऱ्या एर्लिकिओसिस या तापात रक्तातल्या प्लेटलेट कमी होतात आणि हिरडीतून, नाकातून रक्त येऊ शकते. म्हणून कान, बोटांच्या बेचक्या, मान आणि शेपटीखालचा भाग तपासावा. हिरड्या फिकट दिसत असतील, त्यांवर किंवा पोटाच्या कातडीवर लाल-जांभळे ठिपके असतील, ताप किंवा सुस्ती असेल, तर दातांचा विचार बाजूला ठेवून आधी प्लेटलेटसह रक्ततपासणी करून घ्यावी. नेहमीच्या खर्चातली ही तपासणी आहे, आणि ती न करता अशा कुत्र्याचा दात काढला तर रक्तस्राव आवरणे कठीण होते. पाळीव कुत्रा शेतात मोकळा फिरत असेल, उदाहरणार्थ मखमलाबाद किंवा गिरणारेकडच्या वस्त्यांमध्ये, तर ही शक्यता नेहमी मनात ठेवावी.

तपासणी ४ : दातांची दाटी आणि अडकलेले तुकडे

प्रौढ कुत्र्याला ४२ दात असतात, आणि ते जर्मन शेफर्डच्या जबड्यात असोत की पॉमेरेनियनच्या, संख्या तीच राहते. पॉमेरेनियन, शिह त्झू, ल्हासा, पग, डॅक्सहुंड यांच्या लहान जबड्यात दात एकमेकांना खेटून किंवा तिरके बसतात, मधल्या फटीत अन्न आणि जिवाणू साचतात आणि आजार लवकर सुरू होतो. पिलाचे दुधाचे २८ दात सहा-सात महिन्यांपर्यंत पडून जायला हवेत. त्यानंतरही पक्क्या सुळ्याला चिकटून दुधाचा बारीक, टोकदार सुळा उभा दिसत असेल तर तो आपोआप पडण्याची वाट पाहू नये. नसबंदीच्या वेळी भूल दिलेली असतानाच तो काढून घेता येतो आणि वेगळी भूल टळते.

अचानक सुरू झालेला वास, तोंडाला सतत पंजा मारणे आणि लाळ या तिन्ही गोष्टी एकत्र असतील, तर टाळूवर आडवे अडकलेले हाड किंवा काडी असू शकते. कुत्रा सहज तोंड उघडत असेल तरच टॉर्चने पाहावे. तुकडा खोल रुतलेला असेल तर ओढू नये.

तपासणी ५ : खाणे आणि चघळणे

मऊ, चिकट अन्नाने कीटण वाढायला मदत होते हे खरे, पण पोळीऐवजी कोरडे दाणे सुरू केले म्हणजे दात स्वच्छ होतील ही अपेक्षाही खरी नाही. बहुतेक दाणे दाताच्या टोकालाच फुटतात आणि हिरडीच्या कडेपर्यंत पोहोचत नाहीत. दातांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या चघळण्याच्या वस्तूंपैकी व्हेटरनरी ओरल हेल्थ कौन्सिलची मान्यतेची मुद्रा असलेल्या वस्तू चाचणीतून गेलेल्या असतात, एवढा आधार निवडताना पुरेसा आहे.

मटणाच्या दुकानातून आणलेली नळी, शिंगे आणि खूर यांबद्दल माझे मत स्पष्ट आहे : ती देऊ नयेत. अंगठ्याच्या नखाने दाबल्यावर ज्या वस्तूवर खूण उमटत नाही, ती दातापेक्षा कठीण ठरू शकते. तिने मघाशी सांगितलेल्या त्याच चौथ्या उपदाढेचा बाहेरचा पापुद्रा उडतो, आतला मगज उघडा पडतो आणि मुळाशी गळू होते.

तपासणी ६ : दोन आठवडे रोज दात घासणे

हा उपचारही आहे आणि निदानही. मात्र तो फक्त हिरडीच्या कडेला लाल रेघ आहे, पण कीटण थोडे आहे, दात घट्ट आहेत, सूज किंवा पू नाही, अशाच कुत्र्यासाठी आहे. सुरुवातीच्या अवस्थेत हाड गेलेले नसते आणि हिरडी पूर्णपणे पूर्ववत होऊ शकते. दोन आठवड्यांत लाली आणि वास कमी झाला तर आजार वरवरचा होता असे मानता येते. कमी झाला नाही तर खोबणीत काहीतरी आहे, हे उत्तर मिळते.

पहिले काही दिवस बोटाला ओले गॉझ गुंडाळून फक्त ओठाखाली फिरवावे. नंतर लहान मुलांचा मऊ ब्रश घ्यावा, तो हिरडीच्या कडेशी तिरका धरावा आणि वरच्या दातांच्या बाहेरच्या बाजूने हलकेच फिरवावा. आतली बाजू जीभ बऱ्यापैकी स्वच्छ ठेवते, त्यामुळे तोंड उघडण्याचा आग्रह धरू नये. दिवसातून एकदा, एक-दोन मिनिटे पुरेसे आहे. आठवड्यातून एकदा घासण्याचा उपयोग जवळजवळ नाही, कारण तोवर थराचे कीटण होऊन गेलेले असते आणि ते ब्रशने निघत नाही.

टूथपेस्ट कुत्र्यांसाठी बनवलेलीच वापरावी. माणसांच्या पेस्टमध्ये फ्लोराइड आणि फेस आणणारी द्रव्ये असतात आणि कुत्रा ती थुंकत नाही, गिळतो. काहींत झायलिटॉल हे गोडी आणणारे द्रव्य असते, ज्याने कुत्र्याच्या रक्तातली साखर वेगाने उतरते आणि यकृत निकामी होऊ शकते. मीठ, खाण्याचा सोडा आणि लवंगतेलही टाळावे. पेस्ट नसेल तर नुसता ओला ब्रश चालतो, कारण काम घर्षणाने होते. दात घासून झाल्यावर बक्षीस म्हणून आपल्याकडे हाताशी असलेले द्राक्ष किंवा मनुका कधीही देऊ नये. द्राक्षांचा हंगाम सुरू झाला की नाशिकच्या घराघरांत ती असतात, आणि कुत्र्यांमध्ये त्यांनी मूत्रपिंड बंद पडू शकते. घासताना कुत्रा कळवळला, रक्त वाढले किंवा एखादा दात हलताना जाणवला, तर ब्रश त्याच क्षणी बंद करावा.

इथे थांबावे आणि पशुवैद्याकडे जावे

हलणारा दात, तुटलेला दात, डोळ्याखालची सूज, हिरडीतून पू, एका नाकपुडीतला स्राव, तोंडात वाढणारी गाठ, ओठाच्या आतल्या बाजूचे व्रण, जबडा उघडताना वेदना, मुळाचा उघडा भाग किंवा दोन आठवडे घासूनही न गेलेली लाली, यांपैकी एकही असेल तर घरचे उपाय संपले असे समजावे. गाठीच्या बाबतीत एक दिवसही वाट पाहण्याचे कारण नाही, कारण कुत्र्यांच्या तोंडातील काही कर्करोग सुरुवातीला साध्या हिरडीच्या सुजेसारखे दिसतात. कुत्रा खाणे-पिणे पूर्ण बंद करत असेल किंवा सुजेमुळे श्वास अडत असेल, तर त्याच दिवशी जावे. तोवर घरातली वेदनाशामके देऊ नयेत. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक कुत्र्याला जठरव्रण आणि मूत्रपिंडाची इजा करतात, आणि पॅरासिटामॉलही स्वतःच्या अंदाजाने देणे धोक्याचे आहे.

इंदिरानगरहून आणलेली एक वयस्क पॉमेरेनियन मला नेहमी आठवते. तिच्या डोळ्याखालची सूज दर काही महिन्यांनी येई, फुटे, प्रतिजैविकाने बसे आणि कातडीचा आजार म्हणून मलम चालू राही. ओठ उचलल्यावर चौथ्या उपदाढेवर करड्या कीटणाचे जाड कवच होते. भूल दिल्यानंतर ते चिमट्याने एका तुकड्यात निघाले आणि त्याखाली दाताचे मूळ जवळपास टोकापर्यंत उघडे होते. या दाताला तीन मुळे असतात आणि त्यांची टोके डोळ्याच्या खालच्या हाडात असतात, म्हणून मुळाचे गळू गालावर नव्हे तर डोळ्याखाली फुटते. दात काढल्यानंतर सूज पुन्हा आली नाही.

दवाखान्यात काय व्हायला हवे

जागेपणी होणाऱ्या तपासणीत पशुवैद्य अंदाज बांधू शकतो, निदान करू शकत नाही. दाताचा निम्म्याहून अधिक भाग हिरडीखाली असतो. त्यामुळे पूर्ण भूल, प्रत्येक दाताभोवती खूण केलेल्या सळईने खोबणीचे मोजमाप आणि तोंडातील एक्स-रे या तिन्हींवर निदान उभे राहते. मध्यम आकाराच्या कुत्र्यात ३ मिलिमीटरपर्यंतची खोबण सामान्य धरतात. हिरडी सुजली आहे पण हाड गेलेले नाही, ती पहिली अवस्था. हाडाचा आधार २५ टक्क्यांपेक्षा कमी गेला असेल तर दुसरी अवस्था, २५ ते ५० टक्के गेला असेल तर तिसरी आणि ५० टक्क्यांहून अधिक गेला असेल तर चौथी अवस्था. पहिल्या दोन अवस्थांत हिरडीच्या वर आणि खाली स्वच्छता करून पॉलिश करणे पुरते. तिसऱ्या अवस्थेत दात वाचवता येतो, पण पालक रोज घासतील याची खात्री असेल तरच. नाहीतर मी काढण्याचाच सल्ला देतो. चौथ्या अवस्थेतला दात बहुधा काढावाच लागतो. लहान जातींत खालच्या पहिल्या मोठ्या दाढेचे मूळ जबड्याच्या हाडाची जवळजवळ पूर्ण उंची व्यापते, आणि तिथले हाड झिजले तर सोफ्यावरून उडी मारण्याने किंवा एक्स-रे न काढता दात ओढण्यानेही जबडा मोडू शकतो.

भूल न देता दात साफ करून देण्याची सेवा केस कापण्याच्या ठिकाणी मिळते, ती घेऊ नये. तिथे वरचे कीटण खरवडले जाते, खोबणीला हातही लागत नाही, पॉलिश न केल्याने ओरखडलेल्या पृष्ठभागावर नवा थर लवकर बसतो, आणि पांढऱ्या दातांमुळे पालकाची खात्री पटून खरा आजार वर्षभर लपून राहतो. हे काम भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार नोंदणी असलेल्या पशुवैद्याचेच आहे.

तारीख ठरवण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात. भुलीपूर्वी रक्त, मूत्रपिंड, यकृत आणि हृदय तपासले जाणार का? श्वासनलिकेत फुग्याची नळी घातली जाणार का? कारण स्वच्छतेचे पाणी आणि जिवाणू फुप्फुसात जाऊ नयेत म्हणून ती अत्यावश्यक आहे. तोंडातला एक्स-रे तिथे काढता येतो का? आणि थंडीत लहान कुत्र्याचे अंग गरम ठेवण्याची सोय आहे का? भुलीत शरीराचे तापमान झपाट्याने उतरते आणि नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत ही बाब क्षुल्लक नसते. एक्स-रेची सोय नसेल आणि अनेक दात काढायचे असतील, तर पुण्याला किंवा मुंबईला चौकशी करावी. परळला १८८६ साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथेही आधी फोन करून विचारता येईल. वय जास्त आहे एवढ्याच कारणाने उपचार नाकारू नयेत. तपासण्या ठीक असतील तर वयस्क कुत्रा भूल सोसतो, आणि दुखरे तोंड घेऊन जगण्यापेक्षा ते त्याला निश्चितच सुसह्य असते.

उपचारानंतर

दात काढले असतील तर दहा ते चौदा दिवस मऊ अन्न द्यावे, खेळणी आणि ओढाताणीचे खेळ बंद ठेवावेत आणि टाके विरघळणारे असले तरी दोन आठवड्यांनी जखम दाखवून आणावी. त्या भेटीत हिरडी बरी दिसली की त्याच दिवसापासून ब्रश पुन्हा सुरू करायचा असतो. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचे प्राण्यांसाठीचे द्रावण या मधल्या काळात उपयोगी पडते, पण फार दिवस वापरल्यास दातांवर डाग पडतात. अनेक दात गेलेला कुत्राही मऊ भिजवलेले अन्न उत्तम खातो, त्यामुळे दात काढण्यास या भीतीने नकार देऊ नये. लहान जातींना सहा ते बारा महिन्यांनी पुन्हा तपासणी लागते. मोठ्या जातींना, रोज ब्रश होत असेल तर, वार्षिक लसीकरणाच्या वेळी ओठ उचलून पाहणे बहुधा पुरेसे होते.